थोरलीचं घर, धाकटीच्या खोल्या

आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, रोड्सहून बोट यायची आणि आठवड्यातून दोनदा सेवास्ती आपल्या थोरल्या बहिणीवर जळायची. बाकीचे पाच दिवस जळत नव्हती असं नाही. पण त्या दोन दिवशी ती केस विंचरून, स्वच्छ एप्रन बांधून, हातात पुठ्ठा घेऊन, धक्क्यावर उभी राहून रीतसर जळायची.

पुठ्ठ्यावर तिच्या तीन खोल्यांचे फोटो चिकटवलेले होते. एक पलंगाचा, एक न्हाणीघराचा आणि एक फ्रिजचा. फ्रिजचा फोटो नवरा मिनासने दार उघडं ठेवून काढला होता, आत एक टरबूजही दिसत होतं. बोटीचं लोखंडी तोंड उघडलं की खोल्यावाल्या पाच-सहा बायका एकदम ओरडायच्या, “खोली! खोली! गरम पाणी!” पाठीवर ओझी घेतलेले प्रवासी गोंधळून थांबायचे. मग त्यांतलं कुणीतरी नेमकं सेवास्तीपाशी यायचं आणि विचारायचं, “रिगोपुलाचं घर कुठे?”

आणि सेवास्तीला स्वतःच्या हाताने रस्ता दाखवावा लागायचा.

“वर. विग्ला टेकडीच्या टोकावर. दोनशे चाळीस पायऱ्या आहेत,” ती सांगायची. पायऱ्यांचा आकडा सांगायला ती कधी विसरली नाही. पण या लोकांना काय म्हणावं, पायऱ्या ऐकून ते खूशच व्हायचे. अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून निघून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उड्या मारत आलेली माणसं ती. प्रत्येक बेटावर कुठे झोपायचं ते घरून ठरवून आलेली. गरम पाणी त्यांच्या घरी होतंच, त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं.

आता हे घर खरं म्हणजे दोघींच्या आईचं. पण या बेटावर आईचं घर थोरल्या मुलीला जातं. घर, वरची शेतं, अंजिराची झाडं, सोन्याच्या नाण्यांची माळ, सगळं थोरलीला. का, असं कुणी विचारत नाही. थोरलीला नावही आईच्या आईचं ठेवतात, त्यामुळे घर एकदा रिगोपुलाचं असतं, मग मारीनाचं, मग पुन्हा रिगोपुलाचं. सेवास्तीचं ते कधीच होणार नव्हतं. तिला नाव ठेवलं होतं बापाच्या एका आत्याचं. ती आत्या बिनलग्नाची वारली, तिला मिशा होत्या आणि मागे ठेवलं काय, तर एक शेळी.

दोघींत अंतर बावीस महिन्यांचं. बावीस महिन्यांत असं काय होतं? पोर चालायला लागतं, चार शब्द बोलायला लागतं. तेवढ्यावरून एकीला समुद्रावरचं घर मिळालं आणि दुसरीला मिळाला आईचा आशीर्वाद. बेटावर म्हणतातच, थोरलीला किल्ली, धाकटीला पापी. सेवास्ती साठीला आली तरी ती म्हण कानावर पडली की तिला घास गिळवत नसे.

तशी ती काही रडत बसली नाही. मिनास धक्क्यावर बोटीचे दोर झेलायचा, गडी कष्टाळू. दोघांनी मिळून मिठाच्या जुन्या कोठारावर तीन खोल्या चढवल्या. विटा सेवास्तीने स्वतः वाहिल्या. गाद्या पिरियसहून आणल्या, स्प्रिंगच्या, आणि त्या मिनासने पाठीवर घेऊन जिना चढवल्या. न्हाणीघरात निळ्या फरशा, खिडकीला जाळी. आणि वर विग्लावर काय होतं? भिंतभर टांगलेल्या जुन्या ताटल्या, अंगणात काळे-पांढरे गोटे बसवलेले, संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आणि खोलीच्या अर्ध्या भागात पुरुषभर उंचीचा लाकडी माचा. पुढे कोरीव कठडा, चढायला चार पायऱ्या, वर अंथरूण. त्या माच्यावर लहानपणी आईबाप, दोघी बहिणी आणि दोन भाऊ अशी सहा माणसं ओळीने झोपायची. सेवास्तीची जागा कडेला. दोनदा ती कठड्यावरून खाली पडली होती, हनुवटीवर व्रण अजून होता. आणि आता त्याच फळ्यांवर झोपायला जर्मनीहून माणसं येत होती, पैसे देत होती आणि निघताना पाहुण्यांच्या वहीत चार शब्द लिहूनही ठेवत होती.

त्या वहीनेच तर सेवास्तीचं डोकं उठवलं होतं. रिगोपुलाच्या घरी अशा सात वह्या झाल्या होत्या. एकदा बहीण शेतावर गेली असताना सेवास्तीने एक वही एप्रनखाली घालून आणली आणि आपल्याकडे उतरलेल्या, ग्रीक येणाऱ्या एका डॅनिश मुलीकडून वाचून घेतली. मुलगी वाचत गेली, सेवास्ती शेंगा सोलत ऐकत गेली. “नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा मी इथे रात्रभर झोपले.” “मी सतरा बेटं पाहिली, पण म्हातारपणी आठवेल ते हे घर.” “सकाळी बाईंनी अंजिरं आणून उशाशी ठेवली.” सेवास्तीने शेंगांबरोबर नखही सोललं.

तिने स्वतःही एक वही ठेवली होती. त्यात अकरा जणांनी लिहिलं होतं, “स्वच्छ. गरम पाणी होतं.” बाराव्याने लिहिलं होतं, “डास.”

आणि रिगोपुला? ती धक्क्यावर कधी फिरकायचीच नाही. तिला गरज काय? तिच्याकडे भांडायला जावं तर ती भांडायचीही नाही. उलट मुलीच्या हातून पनीरच्या पोळ्या पाठवायची. ऑगस्टमध्ये तिचं घर भरलं की उरलेली माणसं धाकटीकडे धाडायची. हे उरलेलं घेताना सेवास्तीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण घ्यायची. न घेऊन सांगते कुणाला?

त्या वर्षी जूनच्या पहिल्या गुरुवारी बोटीतून एकच बाई उतरली. सत्तरीच्या आसपास, ताठ, डोक्यावर गवती टोपी, हातात एक छोटी बॅग. सेवास्तीच्या तिन्ही खोल्या ईस्टरपासून रिकाम्या होत्या. बाकीच्या बायकांनी ओरडायला तोंड उघडण्याआधीच ही पुढे झाली.

“या बाई, या. खोली आहे. खिडकीतून बंदर दिसतं.”

“नको गं,” बाई हसून म्हणाल्या. “मला जागा माहीत आहे. मी थेसालोनिकीची एवान्थिया, शाळेत शिकवायचे. बारा वर्षांपूर्वी इथे आले होते, रिगोपुलाकडे. यंदा सात बेटं केली बघ, पण प्रत्येक ठिकाणी रात्री त्या माच्याचीच आठवण. म्हटलं, मरायच्या आधी एकदा पुन्हा तिथे झोपायचं. आहे ना ती घरी?” मग त्यांनी सेवास्तीकडे निरखून पाहिलं. “तुझं नाक तिच्यासारखं आहे. नात्यातली का?”

“मी तिची बहीण.”

“बहीण?” एवान्थियाबाईंच्या भुवया वर गेल्या. “तिला बहीण आहे? आठ दिवस राहिले, रोज अंगणात गप्पा मारायचो. आईबद्दल बोलली, आजीबद्दल बोलली, कोंबड्यांबद्दलसुद्धा बोलली. बहिणीचं कधी काही म्हणाली नाही.”

बाई साधं बोलल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण सेवास्तीच्या पोटात जे चाळीस वर्षं साठलं होतं ते एकदम वर आलं. कोंबड्या! कोंबड्यांचा नंबर लागला आणि तिचा नाही.

“ती गेली,” सेवास्ती म्हणाली.

“कुठे गेली?”

“वारली, बाई. गेल्या हिवाळ्यात.”

हे शब्द आपल्याच तोंडून आले हे कळायला तिला थोडा वेळ लागला. तोवर एवान्थियाबाईंनी बॅग खाली ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली होती आणि त्यांचे डोळे भरून आले होते. आता शब्द गिळावे तरी कसे? आणि बाईंनी तिचा हात हातात घेऊन, “पोरी, तुझ्यावर काय प्रसंग आला,” असं म्हटलं, तेव्हा सेवास्तीलाही रडू फुटलं. खरोखरचं रडू. रडत रडतच तिने सांगितलं की नाताळाच्या आधी झोपेतच हृदय थांबलं, काही त्रास झाला नाही, सकाळी चेहरा अगदी शांत होता. मरण मात्र तिने बहिणीला चांगलं दिलं.

“मग मी तुझ्याकडेच राहते,” एवान्थियाबाई म्हणाल्या. “रविवारच्या बोटीपर्यंत.”

दोर गुंडाळता गुंडाळता मिनासने सगळं ऐकलं होतं. बाई वर खोलीत गेल्यावर तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“तू रिगोपुलाला मारलंस?”

“हळू बोल.”

“कशाने मेली?”

“हृदयाने.”

“बरंय,” मिनास म्हणाला. “माझ्या वेळीही तेच सांग, लोकांना पटतं.” मग त्याने टोपी काढली. “सेवास्ती, थट्टा पुरे. वर जा आणि खरं सांगून टाक. म्हण, डोकं फिरलं होतं माझं.”

“तीन रात्रींचा तर प्रश्न आहे. रविवारी बोटीवर चढवते, संपलं.”

“आणि तुझ्या बहिणीला कळलं तर?”

कळलं तर काय, हे सेवास्तीला मिनासपेक्षा जास्त कळत होतं. आयुष्यभर ती बहिणीवर जळली, पण ते तिचं तिच्या पोटात. नाण्यांची माळ घालून रिगोपुला नाचात पुढे असायची तेव्हा ही मागे उभी राहून टाळ्याच वाजवायची. वरून कधी शब्द वाकडा गेला नव्हता. आता धाकटीने थोरलीला जिवंतपणी पुरलं, तेही एका गिऱ्हाइकासाठी, हे विग्लावर पोचलं तर तो उंबरठा तिला कायमचा बंद होणार होता. आणि इतकं जळूनही त्या उंबरठ्यावाचून जगायची कल्पना तिला करवत नव्हती. हे तिला त्याच दिवशी कळलं आणि त्याचाही राग आला.

शुक्रवारी तिने बाईंना उजाडताच होडीतून पलीकडच्या पुळणीवर धाडलं, बरोबर भरलेल्या वांग्यांचा डबा दिला. नशीब एवढंच की दुसऱ्या दिवशी मृतात्म्यांचा शनिवार होता, देवळात पितरांची नावं वाचायचा. त्याच्या आदल्या दिवशी बेटावरची प्रत्येक थोरली घरात कोंडून घेऊन प्रसादाचा गहू शिजवत असते, तो कापडावर वाळवते, त्यात बदाम, बेदाणे घालते, वर साखरेचा थर देते. म्हणजे रिगोपुला काही खाली येणार नव्हती.

दुपारी एवान्थियाबाई परतल्या आणि खिडकीत उभ्या राहिल्या.

“सेवास्ती, वर घराच्या गच्चीत चादरी वाळताहेत गं.”

“भाची येते मधूनमधून. घराला हवा देते.”

“जाऊन येऊ का? नुसतं बाहेरून बघते. फुलं ठेवते दारात.”

“पायऱ्या दोनशे चाळीस आहेत, बाई. आणि पावसात वाट खचली आहे. आणि कुत्रा आहे.”

“कुत्रा? रिगोपुलाला कुत्रा कधी आवडायचा नाही.”

“म्हणून तर,” सेवास्ती म्हणाली, “ती गेल्यावर आणला.”

खोटं बोलणाऱ्याला स्मरण चांगलं लागतं. सेवास्तीचं डोकं संध्याकाळपर्यंत उखळात घातल्यासारखं झालं. त्यात बाईंचं वागणं असं गोड, की त्याचाही तिला ताप झाला. जेवताना त्या म्हणाल्या, “तुझी गादी किती छान आहे. काल रात्री पाठ दुखली नाही.” गेली वीस वर्षं हे वाक्य ऐकायला ती तरसली होती. आणि आलं कधी, तर असं, बहिणीला मारून. तिच्याने ते धड चवीने ऐकवेना.

बेटावरचे म्हातारे पाद्री वारल्यापासून शेजारच्या बेटावरचे तरुण पापा-येरासिमोस महिन्यातून दोनदा छोट्या बोटीने यायचे. त्यांना बोट लागायची, मळमळायचं, आणि घरोघरची धड ओळखही नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ते उतरले तेव्हा सेवास्ती चुलीशी होती. एवान्थियाबाई फिरायला म्हणून धक्क्यावर गेल्या आणि लगेच परतल्या. त्यात विशेष काही आहे असं तिला वाटलं नाही.

“उद्या देवळात फार गर्दी होते,” तिने बाईंना सांगितलं. “उष्म्याने म्हाताऱ्या बायका पडतात. तुम्ही आपलं निवांत झोपा.”

“बघते,” बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी सेवास्ती देवळात मागच्या भिंतीशी उभी राहिली. धाकट्यांची जागा मागे. पुढे, प्रसादाच्या ताटांपाशी, थोरल्या बायकांची रांग, आणि त्यात पहिली रिगोपुला. काळा रुमाल, ताठ पाठ. मेणबत्त्या ताटांतल्या गव्हात खोचलेल्या. पितरांची नावं चिठ्ठीवर लिहून पाद्रीला द्यायची हे कामही थोरलीचंच, ज्याचं घर त्याने मेलेले सांभाळायचे. सेवास्तीने जन्मात कधी चिठ्ठी लिहिली नव्हती.

पापा-येरासिमोस चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले आणि वाचू लागले. एवढ्यात कुणीतरी तिच्या शेजारी येऊन उभं राहिलं. गवती टोपी हातात धरलेल्या एवान्थियाबाई होत्या.

“झोप येईना,” त्या कुजबुजल्या. “म्हटलं, तिचं नाव वाचतील तेव्हा आपण हजर असावं.”

“कुणाचं नाव?”

“तुझ्या बहिणीचं. काल धक्क्यावर पाद्रींना चिठ्ठी दिली मी. तुला सांगितलं नाही, तू आणखी रडली असतीस.”

सेवास्तीने भिंतीला हात टेकला. पुढे धावत जाऊन चिठ्ठी हिसकावून घ्यावी, असं तिच्या मनात आलं. पण मध्ये थोरल्यांची रांग होती. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं गेलं तर ते माणूस वर्ष काढत नाही, हे बेटावर पोराटोरांनाही माहीत होतं. पापा-येरासिमोस एकसुरी आवाजात वाचत होते. निकोलास, फोतिनी, याकोवोस, आणखी एक निकोलास. मग त्यांनी नवी चिठ्ठी वर घेतली. तिच्यावर एकच नाव होतं, आणि नाव अनोळखी वाटलं म्हणून की काय, ते त्यांनी चांगलं मोठ्याने आणि सावकाश वाचलं.

“रिगोपुला.”

पुढच्या रांगेतली ताठ पाठ किंचित हलली. काळा रुमाल वळला. रिगोपुलाने मागे, भिंतीच्या दिशेने पाहिलं, आणि सेवास्तीने डोळे मिटून घेतले. एवान्थियाबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, “देव तिला शांती देवो.” त्यांना पुढचं दिसत नव्हतं, समोर मिनासची रुंद पाठ होती.

पण देवळात कुणीही दचकलं नाही, कुणी कुजबुजलंही नाही. म्हाताऱ्यांनी नेहमीसारखी क्रूसाची खूण केली आणि पाद्री पुढच्या चिठ्ठीकडे वळले. असं का, हे सेवास्तीला सगळं आटोपल्यावर, प्रसाद वाटताना कळलं. रिगोपुला गर्दीतून वाट काढत थेट तिच्यापाशी आली आणि सगळ्यांदेखत तिने तिला मिठी मारली.

“आजीचं नाव तू दिलंस,” ती म्हणाली. “अगं, मी चिठ्ठी दिली आणि मग आठवलं, आजीच राहिली. जिचं नाव लावते, जिच्या घरात राहते, तिलाच विसरले. तिथे उभी राहून नुसती मेल्यासारखी झाले होते. आणि तेवढ्यात नाव ऐकलं. दुसरं कोण देणार? तूच.”

बहिणीच्या अंगाला उकडलेल्या गव्हाचा वास येत होता. तिच्या खांद्यावरून पलीकडे एवान्थियाबाई दिसत होत्या, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रिगोपुलानेही त्यांना पाहिलं. “अहो! तुम्ही थेसालोनिकीच्या बाई ना? केव्हा आलात? आणि माझ्याकडे न येता कुठे उतरलात?”

एवान्थियाबाईंनी रिगोपुलाकडे पाहिलं, मग सेवास्तीकडे. चाळीस वर्षं वर्गात कोण खोटं बोलतंय हे ओळखण्यात गेली होती त्यांची. हे ओळखायला त्यांना क्षणभर पुरला.

“तुझ्या बहिणीकडे,” त्या म्हणाल्या. “बोटीवर कुणीतरी म्हणालं, तुझं घर भरलंय.”

“भरलंय? ईस्टरपासून रिकामं आहे! कुठल्या मेल्याने सांगितलं?”

“असेल कुणी. मी नीट पाहिलं नाही त्याच्याकडे.”

“चला आता माझ्याकडे. माचा तुमची वाट बघतोय. सेवास्ती, बाईंना नेते गं मी, तुला राग नाही ना?”

“नाही,” सेवास्ती म्हणाली. राग होता. अशा वेळीही होता. मेलं तरी सुटत नाही ते माणसाला.

बॅग घ्यायला बाई सेवास्तीबरोबर खाली आल्या. खोलीत त्यांनी चादरीची नीट घडी घातली, टोपी चढवली आणि दारात थांबल्या.

“एक खोटं मी तुझ्यासाठी बोलले,” त्या म्हणाल्या. “तेवढं मला पेलतं. पण देवळात माझ्या चिठ्ठीवरून जे वाचलं गेलं, ते तू निस्तर. पाद्रींची बोट दोन वाजता सुटते.”

“तुम्ही तिला सांगाल?”

“मी गिऱ्हाईक आहे, सेवास्ती. तुम्ही बहिणी आहात.” आणि पायऱ्या उतरता उतरता त्या म्हणाल्या, “गादी खरंच चांगली होती.”

पापा-येरासिमोस धक्क्यावर सावलीत बसले होते. बोट लागू नये म्हणून सुक्या पावाचे तुकडे चावत होते. सेवास्ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“पापा, वाचलेलं नाव परत घेता येतं का?”

“कुठलं नाव?”

“रिगोपुला. ते आजीचं नव्हतं. माझ्या बहिणीचं होतं. ती जिवंत आहे, तुमच्या पहिल्याच रांगेत उभी होती. ज्या बाईंनी चिठ्ठी दिली त्यांना वाटलं, ती मेली.”

“असं का वाटलं त्यांना?”

“मी सांगितलं म्हणून.”

पाद्रींनी पाव चावायचं थांबवलं. हा माणूस आता रागावेल, चार लोकांत शोभा करेल, असं तिला वाटलं. पण त्यांनी उरलेला पाव रुमालात गुंडाळून ठेवला.

“का सांगितलं?”

मग सेवास्तीने सांगितलं. घर, माचा, सात वह्या, अंजिरं, बावीस महिने, आत्या आणि तिच्या मिशा. चाळीस वर्षांत मिनासलाही इतकं एका दमात सांगितलं नव्हतं. “ती आता वर्ष काढेल ना, पापा?” शेवटी तिने विचारलं. “तिला काही झालं तर ते माझ्याच माथी.”

“कोण जिवंत, कोण मेलेलं, हे देव चिठ्ठीवरून ठरवत नाही,” पाद्री म्हणाले. “पण तुझ्या जिवाला शांती नाही ना? मग तिला जिवंतांत लिही. उद्या माझ्या देवळात वाचतो. लिहून दे, मी नावं विसरतो.”

त्यांनी झग्याच्या खिशातून सकाळच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि कोरी चिठ्ठी शोधू लागले. प्रत्येक चिठ्ठीला दोन बाजू. एकीकडे मेलेले, ते मोठ्याने वाचतात. दुसरीकडे जिवंत, ते पाद्री पडद्याआड, लोक यायच्याही आधी, स्वतःशीच वाचतो. ते कुणाच्या कानावर पडत नाहीत. गठ्ठ्यातली एक चिठ्ठी सरकून वर आली. रिगोपुलाचं अक्षर सेवास्तीने लगेच ओळखलं. शाळेत त्याच अक्षराचं कौतुक व्हायचं आणि हिला छडी बसायची. जिवंतांच्या बाजूला वरून खाली सहा नावं होती. दुसरं नाव नवऱ्याचं, तिसरं मुलगी मारीनाचं, मग मारीनाच्या नवऱ्याचं आणि नातवंडांची. पहिलं नाव सेवास्ती.

“ही चिठ्ठी ना,” तिची नजर पाहून पाद्री म्हणाले, “दर खेपेला येते. दोन वर्षं झाली, हेच नाव पहिलं. लोक पहिलं नाव आजाऱ्याचं लिहितात. मला वाटलं, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेली असणार.”

सेवास्तीने चिठ्ठी हातात घेतली नाही. घर तिचं, नाव तिचं, गिऱ्हाइकं तिची, आणि आता चांगुलपणाही तिचाच. तोसुद्धा सगळा थोरलीच्या वाट्याला गेला, धाकटीला त्यातलं काही उरलं नाही. ती उन्हात उभी राहून जळत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

पाद्रींनी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने खाली बसून, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून बहिणीचं नाव लिहिलं. अशी चिठ्ठी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होती, तिला वेळ लागला. बोटवाल्याने भोंगा वाजवला. पापा-येरासिमोस उठले, झगा झटकला आणि फळीवर पाय ठेवता ठेवता मागे वळले.

“तू इथलीच, तुला माहीत असेल. ही सेवास्ती कोण? कशी आहे आता तिची तब्येत?”

“अजून बरी नाही,” सेवास्ती म्हणाली. “वाचत जा.”